घरातला तोतया

'तोतया' हा शब्द मराठी माणसाला इतिहासाने शिकविला. १७६१ च्या जानेवारीत सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले; परंतु ते खरोखरच गेले की कोठे अज्ञातवासात राहिले, ही शंका लोकांच्या मनातून पुढे कित्येक वर्षे गेली नाही. त्या शंकेचा आधार घेऊन एक मनुष्य 'मीच भाऊ' म्हणून पुढे आला. लोकांनी त्याला मानले, किल्लेदारांनी त्याला दरवाजे उघडले आणि १७७६ मध्ये त्याने कोकणात एवढे बंड माजविले, की पुणे दरबाराला त्याच्यावर फौजा पाठवाव्या लागल्या. त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. इकडे भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पती हयात आहे या श्रद्धेने सौभाग्यचिन्हे अंगावर बाळगून १७८३ पर्यंत जगल्या. खोट्या माणसाला खरे मानण्याची ही कथा आपल्या परिचयाची आहे; न. चिं. केळकरांनी तिच्यावर नाटकही लिहिले.

आज ज्या विकाराविषयी आपल्याशी बोलावयाचे आहे, तो या कथेच्या अगदी उलट आहे. त्यात खरे माणूस समोर उभे असते आणि पाहणाराला ते खोटे वाटते. आई समोर येते, आणि मुलगा म्हणतो, ही बाई माझ्या आईसारखी हुबेहूब दिसते खरी, पण ही माझी आई नव्हे. आईचे सोंग घेऊन कोणी परकी बाई घरात शिरली आहे. पत्नी पतीला म्हणते, तुमचा चेहरा त्यांचा, कपडे त्यांचे, चालही त्यांचीच. पण ते कोठे आहेत ते सांगा. हे बोलणारे माणूस इतर सर्व व्यवहारांत बहुधा शहाण्यासारखे वागत असते. हिशोब बरोबर करते, वर्तमानपत्र वाचते, शेजाऱ्याला नावाने हाक मारते. ज्याच्यावर सर्वांत अधिक प्रेम, नेमके तेच माणूस मात्र त्याला तोतया वाटते.

या विकाराला वैद्यकशास्त्रात कापग्रा यांचे नाव आहे. जोझेफ कापग्रा हे फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी १९२३ मध्ये रबूल-लाशो या आपल्या सहकाऱ्यासह एका प्रौढ स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. आपला पती, आपली मुलगी, शेजारपाजारचे लोक यांना कोणीतरी पळवून नेले असून त्यांच्या जागी हुबेहूब तशीच दिसणारी माणसे आणून ठेवली आहेत, अशी या बाईंची पक्की समजूत होती. एकाच्या जागी दुसरा, त्याच्या जागी तिसरा, अशी ही अदलाबदल सारखी चालू आहे, असेही त्या म्हणत. अशा प्रतिरूपासाठी फ्रेंच भाषेत 'सोझी' असा शब्द आहे, आणि तो नाटकातून आलेला आहे. मोलिएरच्या १६६८ च्या एका नाटकात देवांचा राजा एका सेनापतीचे रूप घेऊन त्याच्या पत्नीकडे जातो आणि दुसरा देव त्या सेनापतीच्या नोकराचे, म्हणजे सोझीचे, रूप घेतो. इंद्राने गौतमाचे रूप घेऊन अहल्येला फसविल्याची कथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे कथानक परके वाटणार नाही. माणसाचे रूप चोरले जाऊ शकते, ही भीती फार जुनी आणि सर्व देशांतली आहे.

कापग्रांच्या हकिगतीनंतर या जातीचे आणखी भ्रम नोंदले गेले. १९२७ मध्ये एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध झाली. रस्त्यात भेटणारी निरनिराळी माणसे ही वस्तुतः निरनिराळी नाहीत, एकच ओळखीची व्यक्ती वेष पालटून आपला पाठलाग करीत आहे, असे तिला वाटे. लिओपोल्डो फ्रेगोली नावाचा एक इटालियन नट क्षणाक्षणाला वेष बदलण्याबद्दल प्रसिद्ध होता. त्याचे नाव या भ्रमाला मिळाले. म्हणजे कापग्रांच्या रोग्याला आपले माणूस परके वाटते, तर फ्रेगोली भ्रमाच्या रोग्याला परक्या चेहऱ्याआड ओळखीचे माणूस दिसते. काहींना माणसांऐवजी आपले घरच बनावट वाटते: भिंती त्याच, दारे तीच, पण हे घर माझे नव्हे.

हा सारा प्रकार मनाच्या खोल कोपऱ्यातील द्वेषातून किंवा अपराधी भावनेतून उद्भवतो, अशी समजूत पुष्कळ वर्षे प्रचलित होती. ज्याच्याविषयी मनात राग आहे पण तो कबूल करण्याचे धैर्य नाही, त्याला 'तोतया' ठरविले की रागावण्यास मोकळीक मिळते, असे हे स्पष्टीकरण. ऐकावयास ते पटण्याजोगे वाटते. परंतु पुढे असे दिसू लागले की, डोक्याला मार बसल्यानंतर, पक्षाघातानंतर, अपस्मारात, वार्धक्यातील स्मृतिभ्रंशात अशा रोग्यांतही हा भ्रम उत्पन्न होतो. ज्या मुलाचे आईशी कधी वाकडे नव्हते, तोही अपघातानंतर तिला तोतया म्हणू लागतो. काहींना तर आपला पाळलेला कुत्राही बदललेला वाटतो. कुत्र्याविषयीच्या सुप्त अपराधी भावनेने हे कसे समजावे? तेव्हा मनाच्या जोडीने मेंदूकडेही पाहणे भाग पडले.

या शोधाचा एक धागा चेन्नई शहराशी जोडलेला आहे. विलायनूर सुब्रमण्यन रामचंद्रन यांचा जन्म १९५१ चा, तमिळ कुटुंबातला. भारतीय घटनेच्या शिल्पकारांपैकी एक, अल्लाडी कृष्णस्वामी अय्यर, हे त्यांचे आजोबा. चेन्नईच्या स्टॅन्ले वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले, केंब्रिजला संशोधन केले आणि पुढे अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान दिएगो येथील शाखेत प्राध्यापक म्हणून काम केले. तुटलेल्या हाताच्या जागी हात असल्याचा आणि तो दुखत असल्याचा भास ज्यांना होतो, त्यांच्यावर केवळ एका आरशाच्या साहाय्याने त्यांनी केलेले प्रयोग जगप्रसिद्ध आहेत. २००३ मध्ये ब्रिटिश नभोवाणीने त्यांना रीथ व्याख्यानमालेसाठी पाचारण केले, तेव्हा पहिल्याच व्याख्यानात त्यांनी कापग्रा भ्रमाची हकिगत श्रोत्यांना सांगितली.

त्या हकिगतीतला रोगी सुमारे तीस वर्षांचा तरुण होता. वाहनाच्या अपघातात त्याच्या डोक्याला जबर मार बसला आणि तो तीन आठवडे बेशुद्ध होता. शुद्धीवर आल्यावर तो हळूहळू बोलू लागला, चालू लागला, बुद्धीनेही बराचसा पूर्ववत झाला. पण आईवडिलांविषयी त्याचे म्हणणे ठाम होते: ही माणसे माझ्या आईवडिलांसारखी दिसतात, ती आहेत मात्र दुसरीच. ती मायाळू आहेत, माझी काळजी घेतात, हे तो नाकारीत नसे. आणि हेच आईवडील दूरध्वनीवरून बोलले, की तो त्यांना तत्काळ ओळखी! आवाज आईचा, आई खरी. तीच आई खोलीत येऊन समोर उभी राहिली, की ती खोटी.

यामागील कार्यकारण समजण्यासाठी आपण चेहरा कसा ओळखतो, ते पाहिले पाहिजे. 'ओळखणे' ही क्रिया आपणांस एकच वाटते. ती एक नव्हे; तिचे दोन पदर आहेत. मेंदूच्या शंखखंडाच्या खालच्या अंगाला असलेला एक भाग चेहऱ्याची ठेवण पारखतो आणि 'हा चेहरा अमक्याचा' असा निर्णय देतो. दुसरा पदर भावनेचा. शंखखंडाच्या आत बदामाच्या आकाराचा एक लहानसा पुंजका आहे. समोरची वस्तू आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे की नाही, ती भयाची की प्रेमाची, याची नोंद तेथे होते आणि तिचे पडसाद सर्व शरीरावर उमटतात. हृदयाची गती किंचित बदलते, तळहाताला नकळत सूक्ष्म घाम येतो. आईला पाहिल्यावर 'ही आई' हे ज्ञान आणि आईला पाहिल्याचा ओलावा, दोन्ही एका क्षणी येतात. म्हणून त्यांच्या वाटा निराळ्या आहेत, याची आपणांस कल्पनाही नसते.

हे दोन पदर खरोखर वेगळे आहेत, याचे प्रमाण दुसऱ्या एका व्याधीने दिले. काही रोग्यांना मेंदूच्या इजेनंतर चेहरे ओळखताच येत नाहीत. पत्नीचा चेहरा पाहूनही ती कोण हे आवाज ऐकल्याशिवाय कळत नाही. बोडामर या जर्मन वैद्याने १९४७ मध्ये या व्याधीला नाव दिले. १९८० नंतरच्या दशकात अशा रोग्यांच्या बोटांना तारा जोडून घामाचे मापन करण्यात आले, तेव्हा मोठी विस्मयकारक गोष्ट आढळली. तोंडाने 'हा कोण ते ठाऊक नाही' असे सांगणाऱ्या काही रोग्यांची त्वचा मात्र आप्तांचे छायाचित्र दिसताच ओलावत होती. बुद्धी ओळखत नव्हती, शरीर ओळखत होते.

त्यावरून एलिस आणि यंग या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये असा तर्क मांडला, की कापग्रा भ्रम म्हणजे याच व्याधीचे आरशातले प्रतिबिंब असावे. येथे चेहऱ्याची ठेवण ओळखणारी वाट शाबूत असते आणि ओलाव्याची वाट तुटलेली असते. हा तर्क खरा असेल, तर अशा रोग्याला आईचे छायाचित्र दाखविल्यावर तळहाताचा घाम वाढू नये. १९९७ मध्ये एलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकीकडे, आणि रामचंद्रन व विल्यम हर्स्टाइन यांनी दुसरीकडे, ही परीक्षा घेतली. निष्कर्ष एकच निघाला. निरोगी माणसांत ओळखीच्या चेहऱ्याला त्वचा अधिक प्रतिसाद देते; या रोग्यांत ओळखीचा चेहरा आणि अनोळखी चेहरा यांत तसा फरक पडला नाही.

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान येथे आठवते. दमयंतीच्या स्वयंवरात चार देव नलाचेच रूप घेऊन बसले आणि तिच्यापुढे पाच नल उभे राहिले. तिने खरा नल ओळखला तो खुणांवरून. देवांच्या पापण्या लवत नव्हत्या, पाय भूमीला टेकत नव्हते, त्यांना घाम नव्हता. जो मर्त्य होता, त्याच्या अंगावर घाम होता. आधुनिक प्रयोगशाळेतही ओळखीची खूण म्हणून घामच पुढे आला. फरक इतकाच, की येथे तो पाहिल्या जाणाऱ्याचा नसून पाहणाऱ्याचा आहे.

परंतु एवढ्याने कोडे पुरते सुटत नाही. आईला पाहून ओलावा वाटला नाही, तर सरळ माणसाने 'मला आज काहीसे चुकल्यासारखे वाटते' असे म्हणावे. 'ही बाई तोतया आहे' असे का म्हणावे? मेंदूच्या पुढच्या खंडाच्या खालच्या बाजूस इजा झालेल्या काही रोग्यांतही ओळखीच्या चेहऱ्याला त्वचेचा प्रतिसाद नसतो, आणि तरीही ते आप्तांना तोतया म्हणत नाहीत. म्हणून मॅक्स कोल्टहार्ट यांच्यासारख्या अभ्यासकांनी दोन कारणे मानली. पहिले कारण ओलाव्याचा अभाव. त्यातून मनात चमत्कारिक कल्पना येते. दुसरे कारण, आलेली कल्पना तपासून टाकून देणाऱ्या विवेकशक्तीत आलेले वैगुण्य. त्यामुळे ती कल्पना मनात घर करून बसते. मेंदूच्या उजव्या पुढच्या खंडाचा या विवेकाशी संबंध असावा, असे मानले जाते. चमत्कारिक कल्पना निरोगी माणसाच्या मनातही डोकावतात. परंतु पहारेकरी जागा असतो, म्हणून त्या उंबरठ्यावरून परत जातात.

दूरध्वनीचे कोडे रामचंद्रन यांनी असे सोडविले, की डोळ्यांकडून भावनेच्या केंद्राकडे जाणारी वाट आणि कानांकडून जाणारी वाट वेगळ्या आहेत. या तरुणाच्या बाबतीत पहिली तुटली, दुसरी शाबूत राहिली. सर्व रोग्यांना हे लागू पडत नाही. दृष्टिहीन माणसांतही हा भ्रम आढळला आहे, आणि तेथे आवाजच परका वाटतो. विकार एक दिसला, तरी त्याची घडण रोग्यारोग्यागणिक थोडी निराळी असते.

आपल्या दर्शनशास्त्रकारांनी ओळखीला 'प्रत्यभिज्ञा' असे नाव दिले आणि 'हा तोच देवदत्त' हे तिचे ठरावीक उदाहरण दिले. पूर्वी पाहिलेला देवदत्त आणि आज समोर असलेला देवदत्त यांना एकत्र बांधणारा जो 'तोच' हा छोटासा शब्द आहे, त्यात सारे रहस्य आहे. कापग्रा भ्रमात पूर्वीची आठवण असते, समोरचे दर्शनही असते. 'तोच' मात्र निसटतो. रामचंद्रन यांच्या रोग्याला एकाच स्त्रीची निरनिराळ्या दिशांना पाहणारी छायाचित्रे दाखविली, तेव्हा त्या एकमेकींसारख्या दिसणाऱ्या वेगवेगळ्या स्त्रिया आहेत, असे तो म्हणाला. रोजच्या भेटींचे मणी एका सूत्रात ओवण्याचे काम आपलेपणाची भावना करीत असते. ते सूत्र तुटले, की दर वेळी भेटणारी आई नवी बाई ठरते.

श्रोते हो, शास्त्राचा भाग येथवर झाला. परंतु हा विकार ज्या घरात शिरतो, तेथे प्रश्न शास्त्रापुरता राहत नाही. जिने रात्रंदिवस उशाशी बसून मुलाला मृत्यूच्या दारातून परत आणले, तिलाच तो विचारतो, 'तू कोण?' हे दुःख कोणत्याही सांत्वनाने कमी होण्यासारखे नाही. त्यातच घराबाहेरचे लोक तऱ्हेतऱ्हेचे अर्थ लावतात. कोणी म्हणतो करणी, कोणी म्हणतो बाधा, कोणी म्हणतो घरात काहीतरी कलह असल्यावाचून पोरगा असे बोलेल कसा? मग वैद्याऐवजी मांत्रिक येतो, आणि काही ठिकाणी साखळदंडही येतो.

साखळदंडाचा अर्थ तामिळनाडूने फार मोठी किंमत देऊन जाणला आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी या गावी मनोरुग्णांना ठेवलेल्या एका खाजगी निवाऱ्याला आग लागली. रुग्णांना साखळ्यांनी बांधलेले होते. पळता न आल्याने अठ्ठावीस माणसे जळून गेली. त्यांना तेथे नेणारे त्यांचे आप्त क्रूर नव्हते. बहुतेक थकलेले आणि मार्ग न सापडलेले होते. त्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून लक्ष घातले, आणि पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली.

मार्ग नाही असे मात्र नव्हे. ज्या चेन्नईत रामचंद्रन शिकले, तेथेच किल्पॉकचे मानसिक आरोग्य केंद्र आहे. त्याचे मूळ १७९४ मध्ये स्थापन झालेल्या वेड्यांच्या निवाऱ्यात आहे. डॉ. शारदा मेनन १९५९ मध्ये तेथे रुजू झाल्या आणि त्या संस्थेच्या पहिल्या स्त्री प्रमुख होऊन १९७८ मध्ये निवृत्त झाल्या. योगायोग असा, की कापग्रांनी आपली हकिगत प्रसिद्ध केली, त्याच १९२३ साली या बाईंचा जन्म झाला. रोग्याला कोंडून ठेवण्याचे स्थळ हे स्वरूप पालटून तेथे रोग्याने यावे, औषध घ्यावे आणि आपल्या घरी राहावे, या दिशेने त्यांनी प्रयत्न केले. निवृत्तीनंतर, १९८४ मध्ये, छिन्नमनस्कतेच्या रुग्णांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी त्यांनी चेन्नईत 'स्कार्फ' या नावाने ओळखली जाणारी संस्था उभारली. २०२१ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, त्या निवर्तल्या. रोग्याइतकीच त्याच्या घरच्या माणसांची काळजी वाहिली पाहिजे, हा त्यांच्या कार्याचा धडा कापग्रा भ्रमाला जितका लागू पडतो, तितका क्वचितच दुसऱ्या विकाराला पडत असेल. कारण येथे घरचे माणूसच संशयाचा विषय असते.

तेव्हा असा प्रसंग आला तर काय करावे? प्रथम वैद्याकडे जावे, आणि विलंब न लावता जावे. हा भ्रम स्वतः रोग नसून बहुधा दुसऱ्या रोगाचे लक्षण असतो. तो छिन्नमनस्कतेत दिसतो, स्मृतिभ्रंशात दिसतो, मेंदूच्या इजेनंतर दिसतो; वृद्ध माणसात एकाएकी उत्पन्न झाला, तर साधा जंतुसंसर्ग किंवा एखादे नवे औषधही त्याच्या मुळाशी असू शकते. मूळ कारणावर उपचार झाले, तर पुष्कळदा भ्रमही ओसरतो. रोग्याशी वाद घालू नये. जन्मपत्रिका, छायाचित्रे, आधारपत्रे पुढे करून आपण खरे असल्याचे सिद्ध करू पाहिल्यास 'तोतयाने तयारी चांगली केली आहे' एवढाच निष्कर्ष त्याच्या मनात निघतो. उलटपक्षी, त्याच्या भ्रमात सामील होण्यानेही काही साधत नाही. रामचंद्रन यांच्या रोग्याच्या वडिलांनी एकदा, तो तोतया परत गेला आणि मी खरा बाप आलो, असे मुलाला सांगून पाहिले. मुलगा सुमारे आठवडाभर समाधानी राहिला. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! भ्रमाशी सौदा केल्याने भ्रम हटत नाही. वाद आणि होकार दोन्ही टाळून, 'तुला भीती वाटते हे मला कळते. मी येथेच आहे' एवढेच शांतपणे म्हणणे श्रेयस्कर.

ज्या रोग्याला आवाज ओळखता येतो, त्याच्या खोलीत जाण्यापूर्वी दाराबाहेरून हाक मारावी. चेहरा दिसण्याआधी आवाज पोहोचला, तर काहींना धीर येतो. मात्र एक धोका लक्षात ठेवावा. आपल्या माणसाला पळवून नेणारा शत्रू समोर आहे, अशी ज्याची खात्री झाली, तो क्वचित हातही उचलतो. अशी चिन्हे दिसली, तर घरातली धारदार हत्यारे दूर करावी, ज्याच्यावर संशय आहे त्याने एकटे राहू नये, आणि तत्काळ वैद्यकीय साहाय्य घ्यावे. २०२२ पासून केंद्र सरकारने १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी खुला केला आहे. तेथे देशाच्या कोणत्याही भागातून विनामूल्य सल्ला घेता येतो आणि मराठीतही बोलता येते.

शेवटी, ज्यांना घरात 'तू कोण?' हा प्रश्न ऐकावा लागतो, त्यांना एवढेच सांगावयाचे, की त्या प्रश्नामागे प्रेमाचा अभाव आहे असे समजू नये. ज्याच्यावर प्रेम नाही, त्याचा चेहरा पाहून ओलाव्याची अपेक्षाच नसते; म्हणून परका माणूस बहुधा तोतया वाटत नाही. जेथे ओलावा हवा होता आणि तो आला नाही, तेथेच हा भ्रम उत्पन्न होतो. रोगी जिला नाकारतो, तिचीच तो वाट पाहत असतो.